नऊ साखळ्या पंधरा आणे

खानदेशात मी आयुष्यात एकदाच गेलो, एका पळणाऱ्या मुलीचा वेळ घ्यायला. एकोणनव्वदच्या जानेवारीतली ही गोष्ट. एकूण चार दिवस, त्यातला एक प्रवासातच गेला, म्हणून तीनच दिवसांचं लिहितो.

मी सांगलीचा. नोकरी सरकारी बांधकामातली. ओव्हरसिअरांनी लिहून आणलेली मोजणीपुस्तकं तपासायची, शंका आली तर जागेवर जाऊन टेप टाकायची. शिवाय गेली एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धांत मी वेळाधिकारी म्हणून उभा राहतो. माझं स्टॉपवॉच दर रविवारी रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहतो. एकोणीस वर्षांत त्यात दोनदाच फरक निघाला, आणि त्यातल्या एका वेळी रेडिओ चुकला असावा असं माझं मत आहे.

माझा मेहुणा सुधीर तेव्हा टीव्हीसाठी एक मालिका करत होता. राज्यातले सर्वांत वेगवान पाच धावपटू कसे राहतात, काय खातात, कसा सराव करतात, म्हणजे शर्यतीच्या दहा-बारा सेकंदांमागे काय असतं, ते दाखवायचं. चार भाग झाले होते. पाचवी मुलगी शिंदखेड्याजवळच्या एका गावची होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. ऐन वेळी सुधीरच्या वेळाधिकाऱ्याला कावीळ झाली.

"भावोजी, तीन दिवस रजा टाका," सुधीर फोनवर म्हणाला. "फक्त बटण दाबायचंय."

बटण दाबणं हे 'फक्त' नसतं, असं मी त्याला सांगितलं आणि रजेचा अर्ज केला.

जळगाव, शुक्रवार

गाडी तीन तास दहा मिनिटं उशिरा पोचली. सुधीर, त्याचा कॅमेरामन आणि एक जीप स्टेशनबाहेर उभी होती. जवळच केळीने भरलेला ट्रक होता. आमच्याकडे उसाचा ट्रक थांबला की येणारा-जाणारा एक कांडं ओढतोच. इथे केळीला कोणी हात लावत नव्हतं. लोक प्रामाणिक आहेत असं मी सुधीरला म्हणालो. तो म्हणाला, केळी हिरवी आहेत.

दुपारी एका घरगुती खाणावळीत भरीत खाल्लं. आमच्या घरी वांगं गॅसवर भाजतात, कांदा-दही घालतात आणि चार जणांत एक वाटी करतात. इथे हिरवी पांढुरकी, वीतभर लांब वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून, हिरव्या मिरच्यांसकट लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी दीड खातो. सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घरी तुम्ही मोजून खाता.

जेवताना सुधीरने मुलीची हकीकत सांगितली. नाव वनिता, वय सतरा. पंजाबात तीन महिन्यांचं राष्ट्रीय शिबिर होतं. त्यात जायचं तर शंभर मीटर साडेबारा सेकंदांत किंवा त्याआत पळाल्याचा, जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला लागे. वनिताची आतापर्यंतची वेळ दोनदा बारा पॉइंट सहा आणि एकदा बारा पॉइंट सात. दाखला पोचायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती.

"नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर डी.एड. फॉर्म भरून ठेवलाय घरच्यांनी. जूनपासून पळणं बंद."

"आणि तुझा भाग?"

"तो होणारच," सुधीर म्हणाला. "हरली तर जास्त चांगला होईल."

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

धुळे, शनिवार

जळगावहून शिंदखेड्याला थेट रेल्वे जाते. आम्ही जीपने पारोळ्यावरून धुळ्याला आलो, कारण देवरे साहेबांना भेटायचं होतं. देवरे साहेब म्हणजे ते क्रीडा अधिकारी. पातळ केसांचे, हसतमुख, टेबलावर काचेखाली देवांच्या तसबिरी. दाखल्यासाठीची चाचणी सोमवारी ठरली होती. ते म्हणाले, सोमवारी मीटिंग निघाली आहे, उद्या रविवारी दुपारी साडेतीनला मी गावात येतो, साडेपाचला निघतो.

सुधीरने लगेच हो म्हटलं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "उद्या सकाळी तुझं चित्रीकरण आहे ना? मुलीने सकाळी पळायचं आणि दुपारी चाचणी द्यायची?"

"सकाळी फक्त दोन धावा घेणार, भावोजी."

मी वहीत 'दोन' असं लिहून ठेवलं. संध्याकाळी शेवभाजी खाल्ली. शेव भाजीत का घालतात हे विचारलं तर वाढणारा म्हणाला, "मग कशात घालणार?" त्याचं बरोबर होतं. नाक आणि डोळे अर्धा तास वाहत होते.

शिंदखेड्याजवळचं गाव, रविवार

सकाळी पावणेनऊला पोचलो. वनिता दारात बसून बुटाच्या खिळ्यांतली माती काडीने काढत होती. उंच, सडपातळ, केसांच्या दोन घट्ट वेण्या. तिचे मास्तर निंबा सर तिच्याआधी हात पुढे करून आले. शाळेत ते खेळ आणि भूगोल शिकवत. क्रिकेटच्या मोडक्या बॅटीच्या दोन फळ्या बिजागरीने जोडून त्यांनी सुरुवातीचा आवाज काढायचं साधन केलं होतं. फटकन वाजे. आमच्या जिल्ह्याचं पिस्तूल तीनदा ओढल्यावर एकदा वाजतं, त्यापेक्षा हे सरस.

सुधीरला वनिताने नदीवरून डोक्यावर हंडा घेऊन पळत यायला हवं होतं. तिची आई दारात आली. गाव तिला अक्का म्हणतं.

"घरमा नळ शे ना भाऊ. नदीवर कसाले जावाचं?"

सुधीरने सांगितलं की लोकांना मेहनत दिसली पाहिजे.

"ते ठीक. पन हंडा लिसन कोन पयस?"

पयस म्हणजे पळतं. सुधीरने तरीही हंडा आणवला. नदीला पाणी घोट्याएवढं होतं, हंडा अर्धाच भरला, आणि तिसऱ्या खेपेला तो पडून त्याला पोचा आला. अक्काने पोचा हाताने चाचपला आणि सुधीरकडे बघितलं. त्यानंतर हंड्याचा विषय निघाला नाही.

मग धावा. शाळेमागे मुरूम टाकून दाबलेली सहा फूट रुंद पट्टी होती. बाकी सगळी काळी जमीन; तिच्यात खिळ्यांचे बूट पाच पावलांत मातीने भरतात. ही पट्टी निंबा सरांनी स्वतः पाट्या वाहून केली होती आणि गावच्या धुडकू आबांनी मोजून दिली होती. आबा सत्तरी ओलांडलेले. तीस वर्षं सरकारी मोजणीवर साखळी धरली. निवृत्त होताना कार्यालयाने नवी साखळी आणली आणि जुनी त्यांनी मागून घेतली. गावातल्या वाटण्या, बांध, घरांच्या जागा, सगळं नंतरही त्याच साखळीने झालं.

सुधीरला ती साखळी फार आवडली. आबांनी कॅमेऱ्यापुढे पट्टी पुन्हा मोजायची ठरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीची जुनी साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. शंभर मीटर म्हणजे नऊ साखळ्या आणि पंधरा आणे. फरक पावणेदोन इंचांचा, तोही कमी पडतो. निंबा सरांना हे ठाऊक होतं. शेवटी ते दोन बोटं जागा सोडत.

आबा मोजत होते तेव्हा मी जवळून साखळी पाहिली. कड्यांच्या गोल जागा झिजून लांबट झाल्या होत्या. मी पिशवीतून माझी तीस मीटरची पोलादी टेप काढली.

"भावोजी, ती पिवळी टेप नको," सुधीर म्हणाला. "चौकटीत येते. सगळं जुनं वाटतंय, त्यात ती खुपते."

मी टेप पिशवीत ठेवली. मोजणीपुस्तकात अशी गोष्ट कोणी केली असती तर मी तांबड्या शाईने खूण केली असती. ही चूक माझी आहे. पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

दोन धावांच्या अकरा झाल्या. एकदा कुत्रं आलं, एकदा ढग, एकदा कॅमेरामनला धूळ कमी वाटली म्हणून पट्टीवर माती पसरली आणि मग झाडली. एकदा सुधीरला तिचं तोंड मिटलेलं दिसलं.

"पळताना तोंड उघडं ठेव. जोर दिसला पाहिजे."

"चिलटं जातात," वनिता म्हणाली.

अकरांपैकी चार धावा तिने पूर्ण जोराने काढल्या. मी सगळ्यांच्या वेळा घेतल्या: पहिली बारा पॉइंट सात, शेवटची तेरा पॉइंट दोन. कुंपणाशी उभ्या एका बाईने दुसरीला म्हटलं, "सकायपाईन पयी ऱ्हायनी पोर, आन् कोठेच गई नही." सकायपाईन म्हणजे सकाळपासून. बाराव्या धावेला सुधीरने हात वर केला तेव्हा अक्का पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"बस," ती म्हणाली. एवढंच. कॅमेरामनने कॅमेरा खाली घेतला.

जेवणाला डाळबट्टी आणि वांग्याची भाजी होती. मी पुरे म्हटलं तर अक्का म्हणाली, "आखो ल्या भाऊ, इतलामा काय व्हस?" वनिताने अर्धी बट्टी खाल्ली. तिच्या पोटऱ्यांना अक्का तेल चोळत होती. मी वनिताला विचारलं, डी.एड.ला जायला आवडेल का? ती म्हणाली, "जाईन की. मुलांना शिकवायला काय. पण मुलं पळतात, काका. मी फळ्यापाशी उभी राहायची आणि ती पळायची." तिने हे कौलं शाकारायची आहेत अशा आवाजात सांगितलं.

देवरे साहेब साडेतीनला आले, त्यांच्या शब्दाप्रमाणे. घड्याळं तीन: त्यांचं, निंबा सरांचं आणि माझं. हातांनी वेळ घेताना तीन घड्याळांतली मधली वेळ धरतात. निंबा सर तिकडे फळ्या वाजवणार असतील तर घड्याळ कसं धरतील, हा प्रश्न मी काढला. शाळेचे शिपाई फळ्यांसाठी उभे केले. त्यांनी फळ्या वाजवल्या आणि वनिता सुटली.

तिन्ही घड्याळांत बारा पॉइंट सहा.

टाळ्या झाल्या, कारण आकडा गावाला माहीत नव्हता. निंबा सर जमिनीकडे पाहत होते. सुधीर कॅमेरामनला म्हणत होता, "चेहरा घे, चेहरा." वनिता माझ्यापाशी आली, घड्याळात बघितलं आणि बूट काढायला बसली. देवरे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा मी पिशवीतून टेप काढली.

टेपचं टोक धरायला देवरे साहेब स्वतः वाकले. तीस, साठ, नव्वद, आणि दहा मीटर सत्त्याण्णव सेंटिमीटर. उलटीकडून पुन्हा मोजलं. तेच. पट्टी शंभर मीटरची नव्हती. ती जवळजवळ एक मीटर जास्त होती. शेवटच्या वेगाने एक मीटर म्हणजे एक दशांश सेकंदाहून किंचित जास्त. निंबा सरांनी दोन वर्षं त्या मुलीला एकशेएक मीटर पळवलं होतं.

"मग साडेबाराच झाले की!" निंबा सर म्हणाले.

"असं वजा करता येत नाही," मी म्हणालो. देवरे साहेबांनी मान हलवली. पट्टी सदोष असेल तरच पुन्हा धाव घेता येते, आणि पट्टी सदोष का, हे कागदावर लिहावं लागतं. ते म्हणाले, "कशाने मोजली होती?"

आबांच्या हातात साखळी होती, सगळ्यांना दिसत होती. मग पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ पुढे झाले. "साहेब, साखयीनं नाव कागदवर नका आनू. तिच्यावर अर्धं गाव मोजायेल शे."

मला ते लगेच समजलं. माझं कामच ते. साखळी चार इंच मोठी, तर तिने मोजलेला प्रत्येक बांध तेवढा पुढे गेलेला. एक जण म्हणाला, कोर्टात जातील लोक. दुसरा म्हणाला, पोरगी काय, पुढच्या वर्षीही पळेल. अक्का त्याच्याकडे वळली, "पुढला वरीस ती तुना घर फळा पुसाले ई." म्हणजे पुढल्या वर्षी ती तुझ्या घरी फळा पुसायला येईल. तो मागे सरकला.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी साखळी जमिनीवर पसरली, माझी टेप मागून घेतली आणि शेजारी लावली. एक एक कडी बोटाने सरळ करत टोकापर्यंत गेले. चार इंच. ते तिथेच उकिडवे बसले.

"तीस वरीसमा लोखंड बी वाढस," ते म्हणाले. मग देवरे साहेबांना, "लिखा. साखयी मन्ही शे, मन्हं नाव लिखा. कोनं काय गयं? बठ्ठासले जमीन जास्तीच भेटनी ना."

सगळ्यांना जमीन जास्तच मिळाली, हे बरोबर नाही, असं मला वाटलं आणि मी ते बोललो. गावाची जमीन तेवढीच. प्रत्येकाला थोडी जास्त गेली असेल तर ज्याची मोजणी सर्वांत शेवटी झाली त्याला कमी पडली असणार. मी फक्त हिशेब सांगत होतो. लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि मग हळूहळू सगळे निंबा सरांकडे. त्यांचं शेत नाल्याकडेला, शेवटचं.

"म्हणून माझ्या शेतात सऱ्या नेहमी दोन कमी बसतात," ते म्हणाले. मग घड्याळाची चावी फिरवत, "ते मंग देखसूत. पहिले पोर पयू द्या."

देवरे साहेबांनी लिहिलं: झिजलेल्या साखळीने मोजल्यामुळे पट्टी सत्त्याण्णव सेंटिमीटर जास्त, पोलादी टेपने दुरुस्त करून फेरधाव. खाली आबांनी सही केली. मी नव्या जागी चुन्याची रेघ ओढली.

पाच वाजून दहा मिनिटं. देवरे साहेबांची जीप सुरू करून ठेवली होती. सुधीर घाईघाईने माझ्याकडे आला. कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या उतरल्या होत्या. सकाळच्या अकरा धावांत. शिंदखेड्याहून चार्ज करून आणायला दीड तास लागणार होता.

"भावोजी, उद्या सकाळी घेऊ या का?"

"उद्या साहेबांची मीटिंग आहे," मी म्हणालो आणि रेघेशी जाऊन उभा राहिलो.

कॅमेरा नसल्यामुळे सगळं झटपट झालं. वनिताने बुटांच्या नाड्या बांधल्या, दोन्ही वेण्या पाठीवर एकत्र गाठल्या, तोंड मिटलं. फळ्या वाजल्या. मध्यावर तिचा डावा पाय जरा जड पडल्यासारखा वाटला. दिवसातली तेरावी धाव होती. पण नवी रेघ जुन्या रेघेच्या अलीकडे होती आणि ती तिच्यावरून गेली तेव्हा अजून वेगात होती.

देवरे साहेबांचं घड्याळ: बारा पॉइंट पाच. निंबा सरांचं: बारा पॉइंट चार. माझं: बारा पॉइंट सहा.

मी घड्याळ पुन्हा पाहिलं. काटा पाचाच्या पुढे गेलेला होता, आणि पुढे गेला की वरचा आकडा धरायचा, असा नियम आहे. तीनपैकी मधली वेळ साडेबारा. दाखला साडेबाराचा. तोही नियमच.

वनिता धापा टाकत माझ्यापाशीच आली. का कोणास ठाऊक, निंबा सरांकडे गेली नाही.

"काका, तुमच्या घड्याळात?"

"बारा पॉइंट सहा. पण धरतात ती मधली. साडेबारा. झालं तुझं."

तिने वळून देवरे साहेबांना म्हटलं, "साहेब, तिन्ही लिहा."

"लिहावे लागतातच," साहेब म्हणाले आणि लिहिले. त्यांच्या सहीखाली मी सही केली. अक्काने सगळ्यांना गूळ वाटला, सुधीरलाही दिला. देवरे साहेब पाच अठ्ठावीसला निघाले. आबा साखळी गोळा करून घरी गेले होते. निंबा सर आमच्याशी बोलता बोलता दोन-तीनदा नाल्याकडे बघत होते.

मालिकेचा पाचवा भाग उन्हाळ्यात दाखवला. त्यात पहिली धाव आहे, आणि नंतर वनिता बूट काढायला बसते तो चेहरा. निवेदक म्हणतो की एक दशांश सेकंदाने तिचं स्वप्न हुकलं. मी सुधीरला पत्र लिहून चूक कळवली. त्याने उत्तर दिलं की भाग लोकांना फार आवडला.

तेव्हा वनिता पंजाबात होती. तिचं मला पोस्टकार्ड आलं, निळ्या शाईने, शाळेतल्यासारखं नीट अक्षर:

"काका, इथे विजेचं घड्याळ आहे. पहिल्या दिवशी माझे बारा पॉइंट एक्क्याऐंशी आले. इथले सर म्हणाले, हे घड्याळ हातापेक्षा पाव सेकंद जास्त दाखवतं, म्हणजे हातावर बारा पॉइंट सहाच. तुमचं घड्याळ बरोबर होतं. मधूनच कोणाला परत पाठवत नाहीत. जेवण चांगलं आहे, भाकरी नाही. निंबा सरांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. हे लिहायला घेतल्यावर तिला विचारलं, छापलं तर चालेल का. आठ दिवसांत उत्तर आलं. कार्डावर एकच ओळ होती.

"आता छापा. बारा पॉइंट एकतीस, विजेच्या घड्याळावर."